प्लास्टरबाईंचा हात

माझे दात फार सुंदर आहेत. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. बँकेच्या काउंटरवर म्हणतात, लिफ्टमध्ये म्हणतात. एकदा तर मयताच्या घरी एक बाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "खरेच आहेत ना हो तुमचे?" खरेच आहेत. सगळे एका ओळीत, एका उंचीचे, शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे. त्यांना फक्त एक गोष्ट जमत नाही. चावणं.

पण ही गोष्ट माझ्या दातांची नाही, माझ्या आईची आहे. दात मध्ये मध्ये येतात, त्याला माझा इलाज नाही.

वाकडे दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरांकडे आई एकतीस वर्षं कामाला होती. डॉक्टर पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा भरलेला ट्रे दाबून दातांचा ठसा घ्यायचे. तो ठसा मागच्या खोलीत आईकडे यायचा. आई रबराच्या वाडग्यात प्लास्टर कालवायची, ठशात ओतायची, थरथरणाऱ्या एका छोट्या यंत्रावर धरून त्यातली हवा काढायची. तासाभरानं ठसा सोलला की आतून पांढरेशुभ्र दात निघायचे. एक वरचा जबडा, एक खालचा. दोन्ही एकमेकांवर ठेवले की पेशंट तोंड मिटून समोर बसल्यासारखा दिसायचा. उपचाराआधी अशी एक जोडी आणि उपचार संपल्यावर दुसरी, असा नियम होता. दवाखान्यात आईला तिच्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांसाठी ती प्लास्टरबाई.

तिच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर बुटांचे खोके, खोक्यांवर पेशंटचे नंबर. सिंक दर दोन महिन्यांनी तुंबायचं, कारण प्लास्टर पाइपात गेलं तरी घट्ट व्हायचं थांबत नाही. प्लंबर आला की आईला म्हणायचा, "काय बाई, आज कुणाचे दात अडकलेत?" संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या असायच्या. लहान असताना मला वाटायचं, आई रोज कामावर जाऊन म्हातारी होते आणि घरी तोंड धुतलं की पुन्हा तरुण होते. बाबा मी चार वर्षांची असतानाच गेले होते. घरात आम्ही दोघीच.

तिच्या कामातली एक खुबी सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिथेच अडलेलं आहे. कितीही काळजी घेतली तरी ठशात कुठेतरी हवेचा बुडबुडा राहतो. त्या पोकळीत प्लास्टर शिरतं आणि दातावर ज्वारीच्या दाण्याएवढा खोटा मणी तयार होतो. तो मणी राहिला तर जोडी नीट मिटत नाही, टेबलावर ठेवली की डुगडुगते. म्हणून आई बारीक पातीनं तो खरवडून टाकायची. जोडी मिटवून बघायची, पुन्हा खरवडायची, पुन्हा मिटवायची. शेवटी दोन जबडे एकमेकांवर 'टक्' करून बसायचे. हे 'टक्' म्हणजे आईचा जीव की प्राण. डुगडुगणारी जोडी तिच्या हातून कधी बाहेर गेली नाही, हे ती शेजारणीला, भाजीवाल्याला, नुसतं दार वाजवणाऱ्याला सुद्धा सांगायची.

माझे दात मुळात पुढे आलेले होते. शाळेत मला 'फावडी' म्हणायचे. नाव जिव्हारी लागायचं, पण खोटं सांगत नाही, त्या फावड्यानं मी काय वाटेल ते खायची. अक्रोड दाढेखाली फोडायची, गाजर ससा लाजेल असं कुरतडायची, मटणाचं हाड चोखून पुन्हा फोडायची. दात वेडेवाकडे होते, पण कामसू होते.

मी चौदा वर्षांची असताना एक दिवस शाळा सुटल्यावर आईच्या खोलीत प्लास्टरच्या उपड्या बादलीवर बसून गणितं सोडवत होते. डॉक्टर दारात आले, माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "प्लास्टरबाई, इतकी वर्षं आपण दुसऱ्यांची पोरं सरळ केली, आपलीच अशी ठेवायची का? मी करतो हिचं. माझ्याकडून भेट समजा."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर गेल्यावर ती मला म्हणाली, "देवमाणूस आहे बघ." त्या दिवसापासून आमच्या घरात एक तिसरं माणूस राहायला आलं. त्याचं नाव उपकार. ते जेवायला आमच्याबरोबर बसायचं आणि त्याच्यासमोर कुणी तोंड वाकडं करायचं नाही.

जागा करायची म्हणून माझे चार चांगले दात काढले, वरचे दोन, खालचे दोन. मग अडीच वर्षं तारा. तारा आवळल्या की दोन दिवस भात सुद्धा दगडासारखा लागायचा. आई सगळं कुस्करून द्यायची, काट्यानं बटाटे चेपायची, सफरचंद उकडून त्याचा लगदा करायची. मी कुरकुर केली की म्हणायची, "थोडे दिवस, पोरी. तारा निघाल्या ना, की पहिलं अख्खं सफरचंद खायचं. सालासकट. मी समोर बसून बघणार."

तारा निघाल्या त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला बोलावलं. हातात आरसा दिला. आरशात एक अनोळखी देखणी मुलगी होती. आई रडली, काउंटरवरची मुलगी टाळ्या वाजवायला लागली, डॉक्टरांनी फोटो काढले, ठसे घेतले. घरी टेबलावर बशीत लाल सफरचंद ठेवलेलं होतं. आई समोर बसली, हनुवटीखाली हात घेऊन.

मी चावा घेतला. दात आत रुतले, पण तुकडा सुटेना. मनगटानं पिळून तोडला तेव्हा सुटला. मग चावायला लागले आणि लक्षात आलं की तोंडात कुणीच कुणाला भेटत नाही. अगदी मागच्या दाढा तेवढ्या एकमेकींवर आपटत होत्या, बाकी सगळे वर-खाली दूर उभे. गर विरघळला, साल तशीच राहिली. मी ती हळूच रुमालात काढून घेतली.

"कसं लागलं?" आईनं विचारलं.

"छान," मी म्हटलं. उपकार शेजारी बसलेला होता.

डॉक्टर म्हणाले, "दात आता आपापल्या जागी बसतील. सहा महिने द्या." सहा महिने दिले. दात पुन्हा हलू नयेत म्हणून रात्री तोंडात घालायची प्लेट एक दिवस चुकवली नाही. मग म्हणाले, आणखी सहा. पालकाचं पान तोंडात घातलं तर अर्धं आत, अर्धं बाहेर राहायचं, कापायचं कुणी ते ठरायचंच नाही. टोमॅटोची साल, शेंगदाणे, मटण, सगळं मी गिळायला शिकले. पोट रोज दुखायचं. शाळेच्या मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली डबे धुऊन खेळायला जायच्या तेव्हा माझा अर्धा डबा शिल्लक असायचा. सतराव्या वर्षी माझं वजन चौदाव्या वर्षापेक्षा कमी भरलं, तेव्हा कुठे आई घाबरली.

तिनं दवाखान्यातून निळ्या कागदाच्या पट्ट्या आणल्या. दोन दातांच्या मध्ये पट्टी ठेवायची, चावायचं, आणि ओढायची. दात टेकत असतील तर कागद अडकतो, नसतील तर सुटतो. स्वयंपाकघराच्या टेबलाशी, खिडकीच्या उजेडात, तिनं मला तोंड उघडायला लावलं. पुढचे दात: कागद सुटला. सुळे: सुटला. त्यामागचे: सुटला. दोन्ही बाजूंनी, एकेक दात करत ती मागे सरकत गेली आणि कागद लोण्यातून सुरी निघावी तसा निघत गेला. फक्त शेवटच्या दाढांवर अडकला. तिनं पट्ट्या टेबलावर ओळीनं मांडल्या. दातांची खूण नसलेल्या कितीतरी, खूण उमटलेल्या दोन.

"सोमवारी जाऊ डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "मी बोलते. असं कसं सोडून देतील? पुन्हा तारा लावायला लावते बघ." तिचा आवाज इतका ठाम होता की मला रडू आलं. आयुष्यात मला आई एवढी कधी आवडली नव्हती.

सोमवारी आम्ही डॉक्टरांच्या खोलीत उभ्या राहिलो. आईनं पट्ट्या पाकिटातून काढून टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं सुद्धा नाही. ते उठून वेटिंग रूममध्ये गेले. तिथल्या काचेच्या कपाटात उत्तम निकालांच्या बारा जोड्या मांडलेल्या असायच्या, त्यातली एक ते घेऊन आले. माझी. त्यांनी दोन्ही जबडे मिटवले. टक्.

"बघा," ते म्हणाले. "तारा काढल्या त्याच दिवसाचा ठसा. आहे कुठे फट? अहो, तुमच्याच हातचं काम आहे, प्लास्टरबाई. तुम्हीच कागद लावून सांगा."

आईनं एक निळी पट्टी उचलली, प्लास्टरच्या दातांत ठेवली, जोडी मिटवली आणि ओढली. कागद निघाला नाही. तिनं दुसरीकडे लावला. निघाला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं. मग तो चेहरा प्लास्टर घट्ट होतं तसा घट्ट झाला.

"बसतंय," ती म्हणाली.

"मग झालं तर." डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातला, काढला. "बाळ, तू जबडा पुढे सरकवून चावतेस. वाईट सवय आहे. मागे घेऊन नीट चावत जा."

मी आईकडे बघितलं. आई मूग गिळून उभी होती. मूग गिळणं आमच्या घरात तसं सोपंच, चावायला लागत नाहीत.

पुढची दहा वर्षं मी नीट चावायचा प्रयत्न केला. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून जबडा मागे, आणखी मागे. कानाखाली कळ यायची, डोकं धरायचं. मला खरंच वाटत होतं की चूक माझी आहे. प्लास्टरचं तोंड बरोबर आहे, तेव्हा माझंच तोंड चुकतंय. आईचा हात खोटं बोलेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

लग्न झालं. नवरा माझ्या हसण्यावर भाळला होता, हे तो स्वतः सांगतो. जेवायला मात्र माझ्याबरोबर कोण बसणार? त्याचं ताट उचललं जातं तेव्हा माझी भाजी अर्ध्यावर असते. पहिली दोन वर्षं तो गप्पा मारत थांबला, मग पेपर घेऊन थांबला, मग उठायला लागला. वाईट माणूस नाही. पण एका माणसानं जेवताना किती वेळ वाट बघायची, त्यालाही मर्यादा असते.

सत्ताविसाव्या वर्षी मी त्याच्याबरोबर दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. ते आधी म्हणाले, "वा, काय काम केलंय!" मग तोंडात कागद लावून बघितला, तो सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. त्यांनी जुन्या दवाखान्यातून माझे कागद मागवले. त्यात त्या जोडीचा फोटो होता.

"उपचार संपला तेव्हा तर सगळं छान बसत होतं," ते म्हणाले. "म्हणजे नंतर बिघडलंय. रात्रीची प्लेट वापरली नसणार तुम्ही."

"रोज वापरली."

"सगळे असंच म्हणतात हो." ते हसले. "आता हाड पक्कं झालंय. जबड्याचं ऑपरेशन करावं लागेल आणि तरी खात्री नाही. सुरुवातीलाच फट असती आणि तेव्हाच कुणी बघितली असती, तर वर्षभराचं काम होतं."

वर्षभराचं काम. हे दोन शब्द मी अजून चघळते आहे. मला चघळता येतं असं तेवढंच.

घरी जाताना नवऱ्यानं गाडीत विचारलं, "खरंच वापरायचीस का गं प्लेट?" मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मी तीस वर्षांची असताना आई निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमात डॉक्टरांनी तिला एक छान बांधलेला खोका दिला. "तुमच्या लेकीचं हसू, तुमच्याच हातचं," असं म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत माझी जोडी होती. आईनं ती घरी आणून ड्रॉवरमध्ये ठेवली, कपड्यांच्या खाली.

आठवड्यानं मी तिच्याकडे गेले होते तेव्हा टॉवेल काढायला गेले आणि ती हाताला लागली. मी उजेडात नेऊन बघितली. जिभेला आपल्या दाढा पाठ असतात. माझ्या मागच्या दाढांवर चढउतार आहेत, खाचा आहेत. प्लास्टरच्या दाढा गुळगुळीत होत्या, चारही. अंगठा फिरवला तर सपाट, पाट्यासारख्या.

आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, हे काय आहे?"

तिनं बघितलं आणि पुन्हा घडी घालायला लागली. "मणी होता. खरवडला."

"चारही दाढांवर?"

तिनं पुढचा टॉवेल उचलला.

"चारही दाढांवर मणी, आई? सारख्याच उंचीचे?"

"जोडी डुगडुगत होती," ती म्हणाली. "पुढे सगळीकडे फट होती. मला वाटलं, मणीच आहेत. खरंच वाटलं गं. डॉक्टरांचं काम, त्यात आपल्या लेकीचं, ते चुकेल कसं? आधी प्लास्टरच चुकणार. बसेपर्यंत खरवडलं."

"आणि त्या सोमवारी? डॉक्टरांच्या खोलीत?"

"तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, नोकरी गेली असती. म्हणेल, एकटी बाई, पदरात पोर, घाबरले. भीतीला मी माफ केलं असतं, आणि त्यासाठी सगळी तयारी करूनच मी विचारलं होतं. पण माझी आई खरं बोलली.

"काय बोलू?" ती म्हणाली. "अठरा वर्षांत माझी एक जोडी डुगडुगली नव्हती. त्या कपाटासमोर उभं राहून मी म्हणू, की ही मी खोटी बसवली? मग बाकीच्या अकरांचं काय, असं नसतं का विचारलं त्यांनी?"

"बाकीच्यांचं काय, आई?"

तिनं टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

मी त्या दिवशी ओरडले, रडले, जोडी भिंतीवर फेकायला उचलली आणि फेकली नाही. माझं अख्खं तोंड तिनं आपल्या 'टक्'साठी विकलं होतं. दुसऱ्या कुणी विकलं असतं तर मी सोडून दिलं असतं. वर्षभर मी तिच्या घराची पायरी चढले नाही. मग ती पडली, मनगट मोडलं, आणि आम्ही तिला आमच्याकडे आणलं. लेक आहे, जाणार कुठे?

आता ती बहात्तर वर्षांची आहे आणि मी एकेचाळीस. तिचे स्वतःचे दात सगळे गेले. कवळी बसवली, ती मात्र फक्कड बसली. टेबलाशी आम्ही दोघी समोरासमोर जेवतो. नवरा उठून गेलेला असतो. ती दाणे कुडुम् कुडुम् खाते आणि मी भाजी बारीक चिरून गिळते. कधी कधी ती माझी बशी ओढून घेते आणि काट्यानं बटाटा चेपून देते. मी नको म्हणत नाही. तिला काहीतरी करू दे.

मागच्या महिन्यात ते डॉक्टर वारले. पेपरात फोटो आला होता, सगळे दात दिसतील असा. आईनं तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "मला तुझा ठसा घेऊ दे."

"कशाला?"

"खरी जोडी करते. एकदा. आहे तशी."

"कुणाला दाखवणार आता?"

"तुला," ती म्हणाली.

मला नको होतं, आणि फार हवंही होतं. मी सामान आणून दिलं: लगदा, ट्रे, रबराचा वाडगा, प्लास्टरची पिशवी. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर तिनं वर्तमानपत्र पसरलं. हात कापत होते, पण ट्रे माझ्या तोंडात गेला तेव्हा जराही हलले नाहीत. तिनं प्लास्टर कालवलं, ओतलं. यंत्र नव्हतं म्हणून ट्रे टेबलाच्या कडेवर हलकेच आपटत हवा काढली. तासभर आम्ही दोघी प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघत बसलो. मग तिनं ठसे सोलले आणि माझं तोंड बाहेर आलं, चोवीस वर्षांनी, जसंच्या तसं.

तिनं वरचा जबडा खालच्यावर ठेवला. मागे दाढा टेकल्या, पुढे फट. बोट जाईल एवढी. जोडी डुगडुगली. इतकी वर्षं मी जे सांगत होते, ते टेबलावर सगळ्यांसमोर होतं, म्हणजे आमच्या दोघींसमोर. मला वाटलं होतं हायसं वाटेल. थोडं वाटलंही.

"दिसलं का?" मी विचारलं.

"दिसलं." ती जोडी हातात घेऊन फिरवून बघत होती. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आपल्या हाताचा एवढा कसला गर्व? पोटच्या पोरीपेक्षा मोठा? तुझ्या तोंडाचं वाटोळं केलं मी. देव मला..." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती, कारण हात मोकळे नव्हते.

तेव्हा मी तिच्या हातांकडे बघितलं. डाव्या हातात खालचा जबडा होता. उजव्या हातात तिची जुनी पाती होती, ती तिनं कधी उचलली ते मला कळलं नाही. तिला तर नाहीच कळलं. शेवटच्या दाढेवर पाती चालत होती, सावकाश, हलक्या हातानं, आणि वर्तमानपत्रावर पांढरी भुकटी पडत होती.

"मी बोलायला हवं होतं गं," ती म्हणत होती.

मी तिचा हात धरला नाही. तिनं एक बाजू संपवली, जबडा फिरवला, दुसरी बाजू घेतली. भुकटी फुंकली. मग वरचा जबडा खालच्यावर ठेवून मिटवून बघितला.

टक्.